निवडणूक कधी घ्यायची हे नक्की ठरवतं कोण? विधिमंडळ, आयोग की कोर्ट?

संगम_माहुली | १० डिसेंबर २०२५, रात्री ९:४०

सातारा जिल्ह्यातल्या बहुतेक नगरपालिकांचं मतदान २ डिसेंबरला झालं. मतदान यंत्रं सीलबंद पडून आहेत, दारात पोलीस, आणि उमेदवारांची माणसं रात्रपाळ्या लावून बसलीत. फलटण आणि महाबळेश्वरचं मतदान राज्य निवडणूक आयोगानं २० तारखेवर ढकललं. मग हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ म्हणालं, आधीच्या निकालाचा परिणाम राहिलेल्या मतदानावर नको, मोजणी सगळ्यांची एकदम २१ ला. सुप्रीम कोर्टानंही त्यात हात घातला नाही. ३ तारखेसाठी गुलालाची पोती आणून ठेवणाऱ्यांनी ती कुठं ठेवलीत देव जाणे.

कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्ये आठवडाभर दोनच वाक्यं ऐकतोय. एक, "कोर्टानं सगळा घोळ केला." दुसरं, "कोर्ट नसतं तर निवडणूकच झाली नसती." दोन्ही अर्धी खरी आहेत, म्हणून हा धागा.

आधी घटनेत काय आहे ते. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली. स्थानिक संस्थेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि पुढची निवडणूक ती मुदत संपायच्या आत झालेली हवी. निवडणूक घेणार राज्य निवडणूक आयोग. त्याबद्दलचे बाकीचे कायदे करणार विधिमंडळ. आणि वर पंचायतींसाठी कलम २४३-ओ, नगरपालिकांसाठी तसंच २४३-झेडजी: मतदारसंघांच्या आखणीच्या कायद्याला कोर्टात आव्हान नाही, झालेल्या निवडणुकीला आव्हान फक्त निवडणूक याचिकेनं. एवढंच वाचलं तर कोर्टाला यात जागाच ठेवलेली दिसत नाही.

कोर्ट आलं ते आरक्षणाच्या वाटेनं. २०१० मध्ये के. कृष्णमूर्ती खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की शिक्षण-नोकरीतलं मागासलेपण आणि राजकीय मागासलेपण एकच धरता येणार नाही, आकडेवारी गोळा करा, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवा. आपल्याकडे ओबीसींना १९९४ पासून सरसकट २७ टक्के चालू होतं. कायदा सुधारायचं काम विधिमंडळाचं. २०१० ते २०२१ मध्ये सगळ्या रंगांची सरकारं येऊन गेली, एकानंही आकडेवारीला हात लावला नाही. मग ४ मार्च २०२१ ला विकास गवळी खटल्यात सुप्रीम कोर्टानं तिहेरी चाचणी घातली: स्वतंत्र आयोग नेमा, प्रत्येक संस्थेपुरतं प्रमाण ठरवा, एससी-एसटी-ओबीसी मिळून ५० ओलांडू नका. त्याशिवाय ओबीसी आरक्षण नाही.

पुढची दीड वर्षं नुसती रस्सीखेच. सरकारनं ओबीसी आरक्षण टिकवायला अध्यादेश काढला, डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टानं स्थगिती दिली. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळानं एकमतानं कायदा करून प्रभाग आखायचा अधिकारच आयोगाकडून सरकारकडे घेतला. हेतू उघड होता, आरक्षणाचा तिढा सुटेपर्यंत वेळ काढायचा. ४ मे २०२२ ला कोर्ट म्हणालं, तुमच्या नव्या कायद्याचं नंतर बघू, तो लागू झाला त्या ११ मार्चच्या आधी जी आखणी होती तिच्यावर पुढं चला आणि दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करा. मग ओबीसींच्या आकडेवारीसाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल आला, जुलैमध्ये कोर्टानं तो चालवून घेतला. आता होणार असं वाटेपर्यंत, जूनअखेरीस आलेल्या नव्या सरकारनं प्रभागांची संख्या परत २०१७ प्रमाणे केली, त्यावर याचिका, आणि २२ ऑगस्ट २०२२ ला कोर्टाचं 'जैसे थे', म्हणजे सगळं आहे तिथंच थांबवा. ते उठलं ६ मे २०२५ ला.

तोपर्यंत सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हा परिषदांवर मार्च २०२२ पासून प्रशासक. नगरपालिकांवर त्याच्याही आधीपासून.

माझं म्हणणं असं. प्रभाग एकाचे की चौघांचे, नगराध्यक्ष थेट की सदस्यांतून, हे विधिमंडळानं ठरवावं. आरक्षण घटनेत बसतं का हे कोर्टानं बघावं. भांडा हवं तेवढं. पण पाच वर्षांची मुदत दोघांपैकी कुणाच्याच हातात दिलेली नाही, आणि नेमकी तीच दोघांनी मिळून वापरली. भांडण चालू असेल तर आधीच्या नियमानं निवडणूक उरकायची, हे ठरलेलं असायला हवं.

---

हळद_पेठ

लेख चांगला आहे पण कोर्टाला सोडून दिलंत वकीलसाहेब. 'जैसे थे' मूळ पाच आठवड्यांचं होतं. ते पाच आठवडे २०२५ पर्यंत चालले. आमच्या सांगली-मिरज-कुपवाडची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली, म्हणजे जेव्हा भांडण चालू झालं तेव्हा आमची महापालिका वादातही नव्हती. तरी आम्ही त्यात अडकलो. विधिमंडळानं चूक केली तर पाच वर्षांनी मत देऊन हिशोब करता येतो. तारीख पुढं गेली तर कुणाला मत द्यायचं?

---

संगम_माहुली

सोडलं नाही, पुढच्या प्रतिसादांत घेणार होतो. 'जैसे थे' हा निवडणुकीच्या बाबतीत सगळ्यात वाईट आदेश, असं माझं मत आहे. कारण तो कुणाच्या बाजूनं नाही असं दिसतं, आणि प्रत्यक्षात खुर्चीत बसलेल्याच्या बाजूनं असतो. इथं खुर्चीत प्रशासक होता, आणि प्रशासक नेमतं सरकार. म्हणजे आदेश कोर्टाचा, फायदा सरकारचा. सुनावणी लवकर लावा म्हणून कुठल्याच सरकारनं घाई केलेली मला दिसली नाही.

---

माणदेशी_गडी

मला एकच सांगा. प्रशासक लोकांचं काम करत न्हाय असं कोण म्हणतंय? आमच्याकडं पाणी वेळेवर आलं की. नगरसेवक असताना टँकर कुठल्या गल्लीत आधी जायचा त्यावरनं मारामाऱ्या व्हायच्या.

---

येरळाकाठ

@माणदेशी_गडी, साहेब चांगला मिळाला तर चांगलंच आहे हो. वाईट मिळाला तर त्याची तक्रार त्याच्याच टेबलावर जाते, हा प्रश्न आहे. आमच्या गावचा एक रस्ता दोनदा मंजूर झाला आणि एकदाही झाला नाही. विचारायला सदस्यच नाही. शिवाय पैशाचाही भाग आहे, पंधराव्या वित्त आयोगानं अनुदानाला लोकनियुक्त मंडळाची अट घातलेली आहे.

---

बाणगंगा | ११ डिसेंबर, सकाळी ७:१५

फलटणकर हजर आहे. आमचं मतदान का पुढं गेलं हे इथं कुणीच नीट लिहिलं नाही, म्हणून सांगतो, कारण त्यात तुमच्या वादाचं मूळ आहे.

नगरपालिकेच्या निवडणुकीचे नियम १९६६ चे. छाननीत अर्ज बाद झाला किंवा मंजूर झाला, तर त्या निर्णयाविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. अपिलाचा निकाल लागला की उमेदवाराला माघार घ्यायला तीन दिवस द्यावे लागतात, त्यानंतर चिन्ह. यंदा काही ठिकाणी अपिलांचे निकाल २३ नोव्हेंबरला किंवा त्यानंतर लागले, आणि चिन्हवाटप २६ ला होतं. तीन दिवस बसले नाहीत. मग आयोगानं ठरवलं की जिथं नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराचं अपील होतं तिथली अख्खी निवडणूक पुढं, जिथं एखाद्या प्रभागाच्या जागेपुरतं होतं तिथं तेवढी जागा पुढं. मतदानाला दोन-तीन दिवस राहिले असताना हे जाहीर झालं. जाहीर प्रचाराचा खर्च झालेला, पाहुणे मुंबई-पुण्याहून मतदानाला निघालेले. मुख्यमंत्र्यांनीही जाहीर नाराजी दाखवली.

आता सांगा, यात कोर्टानं आपणहून काय केलं? नियम सरकारचे, अपिलाची सोय नियमातच, वेळापत्रक आयोगाचं. जिल्हा न्यायाधीशांनी समोर आलेलं अपील ऐकलं एवढंच.

---

संगम_माहुली

अगदी बरोबर, आणि याचा दुसरा भाग आमदारकीच्या निवडणुकीत दिसतो. तिथं अशी मधली अपिलंच नाहीत. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मद्रास राज्यातल्या नामक्कल मतदारसंघात पोन्नुस्वामी नावाच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला. ते थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. जानेवारी १९५२ मध्ये कोर्ट म्हणालं, अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया म्हणजे निवडणूक, ती संपल्यावर निवडणूक याचिका करा, मध्ये आम्ही येणार नाही. तेव्हापासून विधानसभा-लोकसभेला हा दंडक आहे. अर्ज चुकीचा बाद झाला तर पुढं अख्खी निवडणूक रद्द होऊ शकते, पण मतदानाची तारीख हलत नाही.

नगरपालिकेला आपणच अपिलाची पायरी ठेवली आणि तिच्यासाठी वेळापत्रकात पुरेशी जागा ठेवली नाही. एक तर पायरी काढा, नाहीतर छाननी आणि चिन्हवाटपात दहा दिवस ठेवा. विधिमंडळानं एका दुपारी करण्यासारखं काम आहे.

---

औंधचे_आजोबा

तुम्ही पोरं २०२२ पासूनचं धरून बसलाय. मी जुनं सांगतो. जिल्हा परिषदा आल्या १ मे १९६२ ला, यशवंतराव मुख्यमंत्री असताना. निवडणुका १९६२, ६७, ७२ अशा झाल्या, मग १९७९. आणि १९७९ नंतर थेट १९९२! कितीतरी वर्षं तेच सदस्य, तेच सभापती, काही तर मधेच वारले. तेव्हा कोर्टकज्जा नव्हता की स्थगिती नव्हती. विधिमंडळानं कायदा करून मुदत वाढवायची, झालं. आमदाराला जिल्हा परिषदेचा अध्यक्ष म्हणजे उद्याचा स्पर्धक, त्याला निवडणुकीची घाई कशाला असेल?

म्हणून ती घटनादुरुस्ती झाली आणि पाच वर्षं घटनेत घातली. राज्याच्या कायद्यात घालून भागणार नव्हतं, कारण राज्याचा कायदा तेच आमदार बदलणार. औंध संस्थानानं १९३९ सालीच गावपंचायतींवर उभी राज्यघटना केली होती, त्या मातीतला माणूस म्हणून बोलतोय. वरच्यानं खालच्याला अधिकार द्यायचे ठरवले तरी तारीख मात्र आपल्या खिशात ठेवतो.

---

हळद_पेठ

आजोबा, हे १९७९ ते ९२ मला खरंच ठाऊक नव्हतं. म्हणजे कोर्ट नसताना पाच वर्षांच्या वर आठ वर्षं, आणि कोर्ट असताना तीन-चार. हिशोब कोर्टाच्या बाजूनं गेला म्हणायचा.

---

कोरेगावचा_सदू

सगळे मुदतीवर बोलताय, जरा आमच्या बाजूनंही बघा. "भांडण चालू असेल तर निवडणूक उरकून घ्या" हे ऐकायला छान वाटतं. २०२१ च्या डिसेंबरात नगरपंचायतींच्या निवडणुका चालू होत्या, आपल्या जिल्ह्यात कोरेगाव, वडूज, दहिवडी, पाटण, लोणंद, खंडाळा, सांगलीत कवठेमहांकाळ, कडेगाव, खानापूर. अर्ज भरायचं काम चालू असताना कोर्टाचा आदेश आला. बाकी प्रभागांचं मतदान २१ डिसेंबरला झालं, आणि ओबीसींसाठी राखलेले प्रभाग सर्वसाधारण करून १८ जानेवारीला मतदान. ज्यांनी ओबीसी म्हणून तयारी केली होती त्यांच्यासमोर दुसऱ्याच ताकदीचे उमेदवार उभे. पाच वर्षं ती जागा गेली ती गेलीच. मुदत पाळली गेली, बरोबर. किंमत कुणी मोजली?

तिहेरी चाचणी योग्य असेल. आकडे सरकारनं गोळा करायचे होते, ते केले नाहीत, आणि शिक्षा झाली ती ज्यांच्यासाठी आकडे गोळा करायचे होते त्यांना.

---

संगम_माहुली

सदूभाऊ, या धाग्यावरचा सगळ्यात वजनदार प्रतिसाद हा आहे. म्हणूनच मी "आधीच्या नियमानं" असं लिहिलं, "आरक्षण वगळून" असं नाही. ६ मे २०२५ च्या आदेशात कोर्टानं नेमकं हेच केलं: बांठिया अहवालाच्या आधी ओबीसी आरक्षण जसं होतं तसं धरून निवडणुका घ्या, वाद पुढं चालू राहील. आणि गेल्या २८ नोव्हेंबरला, ज्या ५७ नगरपालिका-नगरपंचायतींत आरक्षण ५० च्या वर गेलंय तिथंही मतदान होऊ दिलं, फक्त निकाल अंतिम निर्णयाच्या अधीन ठेवले.

मग हे २०२१ मध्ये का जमलं नाही? तांत्रिक उत्तर असं की तेव्हा त्या तरतुदीचा फैसला होऊन गेला होता, चाचणी पूर्ण केल्याशिवाय ती लागूच होणार नव्हती. ते मला कायद्यात बरोबर वाटतं आणि तुमच्या बाबतीत अन्यायाचं वाटतं. दोन्ही एकाच वेळी.

५७ ठिकाणच्या लोकांच्या डोक्यावर मात्र टांगती तलवार आहे. निवडून आल्यावर वर्षभरानं "जागा गेली" म्हणाले तर काय, याचं उत्तर जानेवारीत तीन न्यायमूर्तींपुढच्या सुनावणीत मिळेल अशी आशा.

---

प्रशासन_मंडळ

पक्षांची आणि स्थानिक नेत्यांची नावं घेऊन आलेले दोन प्रतिसाद काढले आहेत. विषयावर बोला.

---

कराडकर_रॅलेत | ११ डिसेंबर, रात्री ११:०५

मी मूळचा कराडचा, सध्या नॉर्थ कॅरोलायनात राहतो. हाच वाद आमच्या राज्यातून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला होता, म्हणून लिहितो.

इथं लोकसभेसारख्या सभागृहाचे मतदारसंघ राज्याचं विधिमंडळच आखतं. अमेरिकेच्या घटनेत वाक्य आहे की निवडणुकीची वेळ, जागा आणि पद्धत प्रत्येक राज्यात "तिथलं विधिमंडळ" ठरवेल. २०२१ मध्ये आमच्या विधिमंडळानं नकाशा केला, तो एका पक्षाला झुकतं माप देणारा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं तो राज्यघटनेच्या विरुद्ध म्हणून रद्द केला. विधिमंडळाचे पुढारी म्हणाले, घटनेत विधिमंडळ लिहिलंय, कोर्ट लिहिलेलं नाही, तेव्हा राज्याच्या कोर्टाला आमच्याकडं बघायचाच अधिकार नाही. हा मूर विरुद्ध हार्पर खटला. २७ जून २०२३ ला ६ विरुद्ध ३ नं निकाल लागला: विधिमंडळ स्वतःच्या राज्यघटनेनं बांधलेलंच आहे, कोर्ट तपासू शकतं. फक्त एक मेख मारली, की राज्याच्या कोर्टानंही न्यायदानाची नेहमीची हद्द सोडून विधिमंडळाचं काम स्वतःकडं घेऊ नये. ही हद्द कुठं संपते ते सांगितलं नाही.

पण गंमत पुढं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाचीच निवडणूक झाली, बहुमत बदललं, आणि नव्या कोर्टानं एप्रिल २०२३ मध्ये जुना निकाल फिरवला. विधिमंडळानं नवा नकाशा केला. आधी १४ जागा ७-७ अशा वाटल्या गेल्या होत्या, २०२४ मध्ये १०-४ झाल्या. या ऑक्टोबरात आणखी एक नकाशा. म्हणजे तत्त्व कोर्ट जिंकलं आणि जागा विधिमंडळ.

---

माणदेशी_गडी

थांबा थांबा. तिकडं जज्ज पण निवडणूक लढवतात??

---

कराडकर_रॅलेत

हो. आमच्याकडे आठ वर्षांसाठी, आणि मतपत्रिकेवर नावापुढं पक्षही असतो. घरापुढच्या हिरवळीवर न्यायमूर्तींच्या नावाच्या पाट्या लावतात. आईला फोटो पाठवला तर म्हणाली, यापेक्षा आपलं बरं.

आणखी एक. इथं एक संकेत आहे, निवडणूक जवळ आली की केंद्राच्या कोर्टांनी नियम बदलू नयेत. परवा ४ डिसेंबरला टेक्सासच्या नव्या नकाशाला खालच्या कोर्टानं घातलेली बंदी सुप्रीम कोर्टानं उठवली, त्यातही हे कारण होतंच. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण विधिमंडळाला हे बंधन नाही. त्यानं शेवटच्या क्षणी नकाशा बदलायचा आणि कोर्टाला म्हणायचं, आता उशीर झाला, हात लावू नका.

---

येरळाकाठ

हे वाचून बरं वाटलं की विधानसभा-लोकसभेची आखणी तरी आपल्याकडे आमदारांच्या हातात नाही. त्यासाठी सीमांकन आयोग, अध्यक्षस्थानी सुप्रीम कोर्टाचे निवृत्त किंवा विद्यमान न्यायमूर्ती. तिथं कोर्टात दाद जवळपास नाहीच, १९६६ चा मेघराज कोठारी निकाल तसाच आहे. २०२४ मध्ये गुजरातच्या बार्डोलीच्या जागेवरनं सुप्रीम कोर्ट म्हणालं की उघड मनमानी असेल तर बघता येईल, तेवढीच फट. २००८ च्या पुनर्रचनेत कराड लोकसभा मतदारसंघच गेला, कवठेमहांकाळ विधानसभा तासगावला जोडली, भिलवडी-वांगीची पलूस-कडेगाव झाली. लोक चिडले, पण २००९ ची निवडणूक वेळेवर झाली. कारण आखणाऱ्याचा स्वतःचा उमेदवार रिंगणात नव्हता, निदान तसा आरोप करायला तरी जागा नव्हती.

प्रभागाच्या बाबतीत मात्र उलटं. नदीच्या पलीकडची वाडी अलीकडच्या गटात (जिल्हा परिषदेच्या मतदारसंघात) कशी आली, विचारू नका. रात्री कुणाच्या बंगल्यावर नकाशा पसरला होता हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. राज्य निवडणूक आयोगाकडं अधिकार होता तोही २०२२ मध्ये काढून घेतला. माझा मुद्दा तारखेच्या आधीचा आहे: आखणी सरकारकडं राहिली तर सरकार बदललं की आखणी बदलणार, आखणी बदलली की याचिका येणार, याचिका आली की तारीख जाणार. मूळ तिथं आहे.

---

संगम_माहुली

सहमत, आणि आयोगाच्या बाजूनं एक निकाल आहे जो लोकांना फारसा माहीत नाही. गोव्यात राज्य निवडणूक आयुक्तपदाचा जादा कारभार सरकारनं आपल्याच विधी सचिवाला दिला होता. मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं हे घटनेची थट्टा असल्यासारखं आहे असं सुनावलं आणि सरकारी नोकरी सांभाळून कुणालाही हे पद देता येणार नाही म्हणून सांगितलं. आयुक्त स्वतंत्र हवा हे कोर्टानं बजावलं, आणि पुढच्याच वर्षी आपल्या विधिमंडळानं त्याच आयोगाच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. त्या दिवशी सभागृहात विरोधी पक्षही सरकारच्या बाजूनं होता. आमदारांचं एकमत कधी होतं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

नगराध्यक्षाचंच बघा. थेट निवड २००१ मध्ये आणली, २००६ मध्ये काढली, २०१६ मध्ये परत, २०२० मध्ये परत काढली, २०२२ मध्ये पुन्हा आणली. यातली एकही पद्धत घटनाबाह्य नाही, कोर्टाला त्यात बोलायचं कारण नाही. पण ज्याला जी सोयीची ती, हे शेंबडं पोरही सांगेल.

म्हणून माझी मागणी एका ओळीची कायद्याची दुरुस्ती: मुदत संपायला एक वर्ष राहिलं की प्रभाग, सदस्यसंख्या, निवडीची पद्धत यांतला कुठलाही बदल पुढच्या निवडणुकीला लागू होणार नाही, त्याच्या पुढच्या निवडणुकीला होईल. रॅलेकरांनी सांगितलेला संकेत कोर्टाइतकाच विधिमंडळालाही लावायचा.

---

हळद_पेठ

ती दुरुस्ती करणार कोण? तेच आमदार ना.

---

औंधचे_आजोबा

म्हणून घटनेत घालावी लागेल. दिल्लीतच होईल ते, मुंबईत नव्हे.

---

कोरेगावचा_सदू

आणि त्या एक वर्षाच्या नियमात आरक्षणाची आकडेवारीही घाला. मुदत संपायच्या वर्षभर आधी आकडे तयार नसतील तर जबाबदारी सरकारवर, समाजावर नाही. नाहीतर परत आमचाच बळी.

---

बाणगंगा

मला सगळ्यात व्यवहाराचा प्रश्न पडलाय. समजा पुढच्या खेपेला, २०३० मध्ये, परत मुदत संपली आणि निवडणुकीचा पत्ता नाही. साध्या मतदारानं करायचं काय? मोर्चा काढून फक्त फोटो येतो.

---

संगम_माहुली | १२ डिसेंबर, रात्री १०:२०

दोन निकाल जवळ ठेवा. २००६ चा किशनसिंग तोमर, अहमदाबाद महापालिकेचा. त्यात घटनापीठानं सांगितलं की अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडून मुदतीत निवडणूक घेणं आयोगाला बंधनकारक आहे, आणि राज्य सरकार सहकार्य करत नसेल तर आयोगानं हायकोर्टात, गरज पडली तर सुप्रीम कोर्टात जावं. दुसरा २००० चा अशोक कुमार: निवडणूक अडवण्यासाठी कोर्ट मध्ये येणार नाही, पण ती पुढं सरकावी, पार पडावी म्हणून येऊ शकतं. या दोन्हीत २४३-ओ किंवा २४३-झेडजी आडवं येत नाही, कारण तुम्ही निवडणुकीला आव्हान देत नाही, निवडणूक मागताय.

तेव्हा रिट करायचं ते मुदत संपायच्या सहा महिने आधी, संपल्यावर नाही. मागणी फक्त तारखेची ठेवायची. माझ्या वॉर्डाची हद्द चुकली, आरक्षण चुकलं, अमका गट तमक्याला का दिला, यातला एक शब्दही त्या अर्जात घालायचा नाही. गेल्या काही वर्षांतल्या याचिका बघा, जवळपास प्रत्येकीत स्वतःच्या जागेचं काहीतरी होतं. यंदाच गट-गणांच्या आरक्षणाचं चक्र सरकारनं नव्यानं सुरू केलं, त्यावर याचिका झाल्या, नागपूर खंडपीठानं फेटाळल्या. तक्रार खरी असेलही, पण अशा प्रत्येक याचिकेनं सरकारला "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे" म्हणायला एक कागद मिळतो. मला पक्षकार येऊन विचारतात तेव्हा मी हेच सांगतो, आणि निम्मे उठून दुसऱ्या वकिलाकडे जातात.

आणि आता मुंबईही गाठायला नको. ऑगस्टपासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला आहे, सातारा-सांगली दोन्ही त्यातच येतात.

---

हळद_पेठ

हे सेव्ह करून ठेवतो. आमच्या महापालिकेचा कार्यक्रम आता कुठल्याही दिवशी जाहीर होईल असं म्हणतायत. झाला की सांगली-मिरज-कुपवाडचा वेगळा धागा काढतो, प्रभागरचनेवर जे काय ओकायचंय ते तिथं ओका. @बाणगंगा, २० ला मतदान करून इथं हजेरी लावा.

---

बाणगंगा

लावतो. पुण्याच्या पाहुण्यांनी दुसऱ्यांदा सुट्टी मिळत नाही म्हणून कळवलंय, घरातली तीन मतं कमी धरा.